मिरचीसाठी वाळवणाची पेटी : काचेपेक्षा भोकं महत्त्वाची!

बेळगाव : पौष-माघात संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लज पट्ट्यातून फिरलं की अंगणं, गच्च्या आणि शिवारातली खळी लाल झालेली दिसतात. संकेश्वरी मिरचीचं हे वाळवण. घरातल्या वर्षाच्या चटणीची बेगमी आणि शेतकऱ्याच्या हातात येणारा पैसा, दोन्ही त्या लाल पसाऱ्यावर अवलंबून असतात. पण अलीकडे नेमक्या याच दिवसांत मळभ येतं, कधी अवकाळी सर पडते आणि पहाटेचं दव तर ठरलेलंच. मग ताडपत्री घेऊन धावाधाव. ताडपत्रीखाली मिरचीला घाम सुटतो आणि तिथंच बुरशीला जागा मिळते.

यावर घरच्या घरी करता येणारा उपाय म्हणजे वाळवणाची पेटी. वीज लागत नाही, सुताराचं एक-दोन दिवसांचं काम. फक्त काही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

आधी थोडा हिशोब

झाडावर पिकलेल्या लाल मिरचीत वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. साठवण्यासाठी ते १० टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. समजा १० किलो ओली मिरची आहे आणि तिच्यात ७५ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडा ऐवज अडीच किलो. वाळल्यावर वजन भरतं पावणेतीन किलोच्या आसपास. सव्वासात किलो पाणी हवेत गेलं पाहिजे!

हे पाणी जायला दोन गोष्टी लागतात. ऊब लागते आणि ओली झालेली हवा बाहेर काढून कोरडी आत आणणारा वारा लागतो. आपण उन्हाचाच विचार करतो, वारा विसरतो.

आमच्या घरी पहिली पेटी केली तेव्हा हीच चूक झाली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या फटी बुजवल्या, भोकं पाडली ती चारच, तीही बारीक. दुपारी काचेच्या आतून पाण्याचे थेंब ओघळू लागले. तिसऱ्या दिवशी मिरची वाळली नव्हती, शिजली होती. काळपट, मऊ आणि आंबूस वासाची. चार किलो मिरची उकिरड्यावर गेली. दुसऱ्या वेळी भोकं वाढवली आणि त्याच पेटीत मिरची खडखडीत वाळली.

पेटी कशी करायची?

चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद पेटी घरच्या वापराला पुरते. समोरची बाजू १० इंच उंच आणि मागची २१ इंच ठेवली की वरच्या काचेला सुमारे २० अंशांचा उतार मिळतो. आपल्या भागात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उतरती बाजू दक्षिणेला करायची.

झाकणाला काच किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा चालतो. मोडलेल्या घरातल्या जुन्या खिडकीची काचेची झडप मिळाली तर तिच्या मापानेच पेटी करा, खर्च बराच वाचतो. आतून मॅट काळा रंग द्यावा आणि पेटी चार-पाच दिवस रिकामीच उन्हात ठेवावी. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय मिरची आत घालू नये.

आता भोकं. समोरच्या बाजूला तळाशी एक-एक इंचाची ८ ते १० आणि मागच्या बाजूला अगदी वरती तेवढीच किंवा दोन-चार जास्त. गार हवा खालून शिरते, तापून हलकी होते, मिरचीतून वर चढते आणि ओल घेऊन मागून निघून जाते. सगळ्या भोकांना आतून मच्छरजाळी ठोका, नाहीतर माशा आणि मुंग्या आत येतात.

मिरची पेटीच्या तळावर पसरू नये. तळापासून चार-पाच इंच वर लाकडी चौकटीला जाळी ठोकून ट्रे करावा. जाळी प्लास्टिकची किंवा स्टीलची घ्या, गंजणारी लोखंडी नको. एका थरात साधारण चार-पाच किलो ओली मिरची बसते. मिरचीवर मिरची रचली की खालची ओलीच राहते.

उष्णता किती?

साधा थर्मामीटर आत टांगून ठेवा. ५० ते ६० अंश सेल्सिअस चांगलं. ६५ च्या वर गेलं तर मिरचीचा रंग काळवंडतो. तसं झालं तर झाकण बोटभर उचलून खाली काडी अडकवा. फार प्रखर उन्हानंही लाली उडते, म्हणून दुपारी मिरचीवर काळं पातळ सुती कापड टाकलेलं बरं. बाजारात फिकट, पांढुरक्या पडलेल्या मिरचीला फटकी म्हणतात आणि तिचा भाव लगेच उतरतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

संध्याकाळी ऊन गेलं की भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद करा, नाहीतर दिवसभर घालवलेली ओल रात्रीच्या दमट हवेतून परत येते. सकाळी ऊन तापल्यावर उघडा. चांगलं ऊन असेल तर तीन ते पाच दिवसांत काम होतं. उघड्या अंगणात याच कामाला आठवडा ते पंधरवडा जातो.

पेटीत घालण्याआधी

पूर्ण लाल झालेली मिरचीच तोडावी. किडकी, डागाळलेली, फुटलेली आधीच बाजूला काढावी. देठ मात्र वाळेपर्यंत काढू नका, कारण तुटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. पुढच्या वर्षाच्या बियाण्याची मिरची पेटीत घालूच नका. ४० अंशांच्या वर बियाण्याची उगवण धोक्यात येते. ती सावलीत, वाऱ्यावर वाळवा.

वाळली हे कसं ओळखायचं?

हलवली की बी खुळखुळतं, शेपूट वाकवलं की मोडतं. पण खात्री वजनानंच होते. ट्रेवर घालताना वजन लिहून ठेवा. १० किलोची पावणेतीन-तीन किलो झाली आणि सलग दोन दिवस वजन उतरलं नाही, तर काम झालं. मग मिरची सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि नंतरच हवाबंद डब्यात भरा. गरम मिरची भरली की डब्याला आतून घाम येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

एवढी काळजी कशासाठी?

अर्धवट वाळलेल्या मिरचीवर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. यकृताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे. मिरची भाजली, तळली किंवा आमटीत उकळली तरी हे विष पूर्ण जात नाही. भारतात मसाल्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ती १० आहे. तेव्हा बुरशी आलेली मिरची पुसून, पुन्हा उन्हात टाकून कांडपात घालायची हा आपल्याकडचा काटकसरीपणा महागात पडू शकतो. ती फेकलेलीच बरी.

पेटीचं गणित कुठं चुकतं?

ऊनच नसेल तर पेटी काही करू शकत नाही. दोन-तीन दिवस मळभ राहिलं तर मिरची घरात पंख्याखाली पसरावी, बंद पेटीत ठेवू नये. आणि दहा-वीस पोती माल असेल तर चार फुटांची पेटी पुरणार नाही. त्याला पॉलिहाऊससारखा मोठा ड्रायर लागतो, तो गावातल्या काही जणांनी मिळून केला तर परवडेल. पण घरची चटणी आणि थोडी विक्री यासाठी एक पेटी भरपूर. मिरचीचा हंगाम संपला की तीच पेटी कढीपत्ता, शेवग्याचा पाला, मेथी आणि उन्हाळ्यात कोकमाच्या सोलांनाही चालते.

सुतार कामाला बसला की त्याला मापं सांगाल, काचेची जाडी सांगाल. भोकं किती आणि कुठं, हे मात्र आठवणीनं आधी सांगा.