गिरणी कामगारांचे नृत्यमंदिर

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या वाऱ्याला सदैव सामोरे असलेल्या ब्लॅकपूल या नगरात, ५१८ फूट उंचीच्या एका लोखंडी मनोऱ्याच्या पायथ्याशी, महोगनी, ओक आणि अक्रोड या तीन लाकडांच्या ३०,६०२ तुकड्यांची जडणघडण करून तयार केलेली, १२० फूट लांब आणि १०२ फूट रुंद अशी एक नृत्यभूमी आहे. तिच्याभोवती सोनेरी मुलाम्याच्या कमानी, दुमजली सज्जे, चित्रांकित छत आणि काचेची झुंबरे असा सारा थाट असल्यामुळे प्रथमदर्शनी पाहणाऱ्याचा असा ग्रह व्हावा की, हे एखाद्या उमरावाने आपल्या इष्टमित्रांसाठी बांधलेले विलासगृह असावे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. हे मंदिर उभारले गेले ते लँकेशायरच्या कापडगिरण्यांत मागावर आणि चात्यांवर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या पैशावर व त्यांच्याचसाठी; आणि युगुलनृत्याची कला राजदरबारातून उतरून सामान्य माणसाच्या पायांत रुजली ती ज्या थोड्या स्थळी, त्यांत या नगराचा मान पहिला आहे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे बॉलरूम नृत्य म्हटले की साहेबलोकांचे जिमखाने, पंचतारांकित हॉटेले आणि नाताळाच्या मेजवान्या यांची चित्रे मनासमोर उभी राहतात. त्यामुळे हे नृत्य म्हणजे सुखवस्तूंचा विरंगुळा, अशी आपली दृढ समजूत झाली आहे. लँकेशायरचा इतिहास या समजुतीला छेद देतो. १८४६ साली आगगाडी ब्लॅकपूलला पोहोचली, आणि पुढे त्या प्रांतातील गिरणीगावांत अशी वहिवाट पडली की, प्रत्येक गावाने उन्हाळ्यातील एक ठराविक आठवडा सुट्टीचा म्हणून मुक्रर करावा, त्या आठवड्यात गावातील यच्चयावत गिरण्यांचे बॉयलर थंड ठेवावेत आणि वर्षभर पैपैसा साठवून ठेवलेल्या अवघ्या गावाने समुद्रकिनारा गाठावा. ओल्डहॅमचा आठवडा निराळा, बोल्टनचा निराळा; त्यामुळे ब्लॅकपूलला उन्हाळाभर पाहुण्यांची वाण कधी पडली नाही. १८९४ मध्ये मनोरा खुला झाला. १८९६ मध्ये जवळच्या विंटर गार्डन्स या संस्थेने १२,५०० चौरस फुटांची ‘एम्प्रेस बॉलरूम’ बांधली, तेव्हा मनोऱ्याच्या कंपनीला आपले मूळचे दालन फिके वाटू लागले आणि तिने नाट्यगृहांच्या रचनेत ख्याती पावलेल्या फ्रँक मॅचम या स्थपतीकडून १८९९ साली आजचे दालन उभारून घेतले. दोन व्यापारी संस्थांच्या या चढाओढीतून कामगाराला दोन राजवाडे मिळाले.

या ठिकाणी मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण लँकेशायरचे आणि आपले नाते कापसाच्या धाग्याने बांधलेले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या, कामगारांच्या घरी उपासमार आली. आणि त्याच वर्षांत मुंबईच्या कापूसबाजारात अमाप संपत्ती ओतली गेली. पुढे आपल्याकडेही गिरणगाव वसले आणि त्यालाही स्वतःचे रंजन लाभले: भजनी मंडळे, गणेशोत्सवातील मेळे, लेझीम, तमाशाचे फड. मग आपल्या गिरणगावात जोडीने नाचण्याची प्रथा का उगवली नाही? केवळ संस्कृतिभेद असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु मला त्याचे एक कारण कारखान्याच्या हजेरीपटात दिसते. परळ-लालबागचा कामगार बहुतांशी कोकणातून व घाटावरून एकटा आलेला पुरुष होता. त्याचे कुटुंब गावी शेती सांभाळीत होते. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत व मागशाळांत निम्म्याहून अधिक हात स्त्रियांचे होते. जी तरुणी स्वतःच्या मजुरीवर स्वतःचे तिकीट काढू शकते, ती नृत्यगृहात कोणाची आश्रित म्हणून येत नाही. युगुलनृत्याला लागणारी समानता तिथे आधी पगाराच्या पाकिटात आली आणि मग लाकडी जमिनीवर उतरली.

मनोऱ्याच्या दालनाची शिस्त कडक होती. कोणीही पुरुषाने स्त्रीच्या सोबतीवाचून नाचू नये, आणि गैरवर्तन करणाऱ्याला तत्काळ बाहेर काढले जाईल, अशी सक्त ताकीद होती. रविवारी नृत्याला मज्जाव असून त्या दिवशी केवळ धार्मिक संगीत चाले. आजच्या वाचकाला हे नियम जाचक वाटतील. परंतु कुटुंबापासून दूर, हजारो अपरिचितांच्या गर्दीत आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने त्यांचा विचार केला, तर त्यांतील अभय ध्यानी येते. नृत्यभूमीवरील नियमांचेही तेच आहे. सर्व जोडप्यांनी दालनाच्या कडेकडेने, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे देवळातील प्रदक्षिणेच्या नेमके उलट, पुढे सरकत राहावयाचे. उलट दिशेने जावयाचे नाही, मध्येच थबकावयाचे नाही, धक्का लागल्यास चूक कोणाची याचा खल न करता क्षमा मागावयाची. या एका दंडकामुळे शेकडो जोडपी एकाच वेळी त्या जमिनीवर विनाअपघात फिरू शकतात.

पावलांना मात्र आरंभी असा एकच दंडक नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतून जॅझ आले, फॉक्सट्रॉट आला, आणि प्रत्येक गावात, किंबहुना प्रत्येक शिक्षकाकडे, तेच नृत्य निराळ्या रीतीने शिकवले जाऊ लागले. तेव्हा ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी १९२० पासून लंडनमध्ये नृत्यशिक्षकांच्या परिषदा भरवल्या आणि १९२९ पर्यंत वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप व टँगो यांच्या मूळ पदन्यासांची व लयींची निश्चिती झाली. १९०४ साली स्थापन झालेल्या शिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीने १९२४ मध्ये बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली. त्या शाखेच्या आरंभीच्या धुरीणांपैकी व्हिक्टर सिल्व्हेस्टर हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १९२२ साली त्याने जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि १९३५ पासून स्वतःचा वाद्यवृंद चालवून असा दंडक घातला की, गाणे कोणतेही असो, नर्तकासाठी वाजवताना त्याची लय रतीभरही ढळता कामा नये. आजही मंद वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० मात्रागटांच्या, तर क्विकस्टेप ५० ते ५२ मात्रागटांच्या वेगाने वाजवला जातो. प्रमाणीकरणाने कलेचा प्राण जातो, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याला आयुष्यात कधी खाजगी शिक्षक परवडणार नव्हता, अशा रॉचडेलच्या विणकराने सहा पेन्सच्या वर्गात शिकलेले पाऊल ब्लॅकपूलच्या दालनात अनोळखी मुलीच्या पावलाशी जुळावे, हे या प्रमाणीकरणावाचून घडले नसते.

संगीताच्या बाजूने या वास्तूचे सर्वांत मोठे दैवत म्हणजे तिचा वुर्लिट्झर ऑर्गन. रंगमंचाच्या पोटातून वादकासह वर उचलला जाणारा, एका माणसाच्या दोन हातांनी व दोन पायांनी अख्ख्या वाद्यवृंदाचा ध्वनी निर्माण करणारा हा यंत्रराज. पहिला १९२९ साली आला. १९३५ मध्ये त्याच्या जागी रेजिनाल्ड डिक्सन या वादकाच्या योजनेनुसार बनवलेला दुसरा बसवण्यात आला आणि जुना एम्प्रेस बॉलरूममध्ये गेला. शेफील्डचा हा डिक्सन १९३० पासून १९७० पर्यंत, युद्धातील सैन्यसेवेचा काळ वगळता, मनोऱ्याचा ऑर्गन वाजवीत राहिला आणि बीबीसीच्या प्रक्षेपणांमुळे त्याचे वादन घरोघर पोहोचले. नर्तकांसाठी वाजवणे ही निराळी तपश्चर्या आहे, कारण वादकाला स्वतःच्या कल्पकतेला सतत मुरड घालावी लागते. डिक्सनने उजव्या हाताने सुरावट खेळवली, पण डाव्या हाताचा ठोका कधी हलू दिला नाही. १९५६ च्या डिसेंबरात आग लागून दालनाची जमीन जळाली, तेव्हा ती पूर्ववत करण्यास सुमारे दोन वर्षे लागली. मात्र मालकांनी तिथे सिमेंटची फरशी घालून काम उरकले नाही, ही त्यांच्या बाजूने नमूद करण्याजोगी गोष्ट आहे.

१९२० च्या ईस्टरमध्ये एम्प्रेस बॉलरूममध्ये जो नृत्यमहोत्सव सुरू झाला, तो आज जगातील बॉलरूम नर्तकांचे परम क्षेत्र मानला जातो. जपान, चीन, इटली, रशिया येथील जोडपी वर्षानुवर्षे त्यासाठी झिजतात, आणि मासायुकी सुओ यांच्या १९९६ सालच्या ‘शॅल वी डान्स?’ या जपानी चित्रपटातील नृत्यशिक्षिकेच्या मनातील शल्यही ब्लॅकपूलचेच आहे. या अजिंक्यपदांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यांत शिरत नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, पहिला महोत्सव अजिंक्यवीर निवडण्यासाठी भरलाच नव्हता. वॉल्ट्झ, टू-स्टेप आणि फॉक्सट्रॉट या तीन लयींत सर्वांनी मिळून नाचता येतील अशी तीन नवी क्रमनृत्ये शोधून काढणे हा त्याचा उद्देश होता.

क्रमनृत्य म्हणजे साधारणतः सोळा मात्रागटांचा एक ठराविक पदबंध, जो दालनातील सर्व जोडपी एकाच क्षणी सुरू करतात आणि संपला की पुन्हा आरंभापासून घेतात. लीड्सच्या आर्थर मॉरिसने १९०० साली रचलेले ‘व्हेलेटा’ हे त्यांतील अत्यंत लोकप्रिय. उत्तर इंग्लंडमधील लहान लहान नृत्यक्लबांचा प्राण या प्रकारात आहे. चर्चचे सभागृह, कामगारांचा क्लब किंवा खाणमजुरांचे कल्याणकेंद्र, अशा कुठल्यातरी लाकडी जमिनीच्या खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ हा क्लब भरतो. दाराशी मेजावर कार्यवाह वर्गणीची वही आणि सुट्ट्या पैशांचा डबा घेऊन बसलेला असतो. येणारा प्रत्येकजण रस्त्यावरचे जोडे काढून पिशवीतील नृत्याचे जोडे चढवतो. त्यांचे तळ मऊ चामड्याचे असतात व ते गुळगुळीत झाले की तारेच्या कुंच्याने खरवडावे लागतात. पहिला अर्धा तास बहुधा छापील कागदावरून नवे नृत्य शिकण्यात जातो. मग सूत्रधार एकेक नृत्य पुकारतो. मधूनच ‘पॉल जोन्स’ होतो, ज्यात स्त्रियांचे आतले व पुरुषांचे बाहेरचे अशी दोन कडी परस्परविरुद्ध फिरतात आणि संगीत थांबताच जो समोर येईल त्याच्याशी नाचावे लागते. त्यामुळे संकोची माणूसही कोपऱ्यात बसून राहू शकत नाही. मध्यंतरात चहा-बिस्किटे, सभागृहाचे भाडे भागवण्यासाठी सोडतीची तिकिटे, आणि नाताळाच्या सुमारास ‘जेकब्ज जॉइन’ नावाची खास लँकेशायरी पंगत, जिच्यासाठी प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणावयाचा. शेवटी सर्वांचा एक वॉल्ट्झ आणि मग खुर्च्या रचून ठेवण्याचे काम. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी नातवंड आले, कोणाला बसथांब्यापर्यंत सोबत हवी, याची जी नोंद अशा क्लबात ठेवली जाते, ती कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

जोडीदाराचा प्रश्न या क्लबांपुढे नेहमीचाच. पुरुषाने स्त्रीवाचून नाचू नये हा मनोऱ्याचा नियम पुरुषांसाठी होता. मुली एकमेकींबरोबर सर्रास नाचत आल्या, आणि युद्धकाळात तर तेच स्वाभाविक ठरले. आज क्लबांचे सदस्य बहुधा निवृत्तीच्या वयाचे असतात व त्यांत विधवांची संख्या मोठी असते. चाळीस वर्षे एकाच माणसाच्या आधाराने उलटे पाऊल टाकीत आलेली स्त्री सत्तरीनंतर पुरुषाची बाजू शिकते, डाव्या पायाने पुढे निघावयास शिकते, कारण मैत्रिणीला जोडीदार हवा असतो; मला यात या कलेचे खरे मोठेपण दिसते. स्पर्धाजगताला ही गोष्ट पचण्यास फार वेळ लागला. २०१४ मध्ये ब्रिटिश डान्स कौन्सिलपुढे जोडीची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री अशीच करावी, असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यावरून मोठा वाद माजला. २०२० साली बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या कार्यक्रमात दोन स्त्रियांची जोडी प्रथमच उतरली. क्लबातील विधवा सदस्या त्याच्या कितीतरी आधी तिथवर पोहोचल्या होत्या.

या नृत्याचा ठोका मराठी कानांना अपरिचित राहिलेला नाही. गोव्याच्या पॅरिश शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या नृत्यगृहांत वाजवीत. हळदोण्याच्या आंतोनियो शाव्हियर वाझ यांनी, म्हणजेच चिक चॉकलेट यांनी, ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालवला, आणि सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’साठी त्यांचे साहाय्य घेतले. मात्र तो ठोका आपल्याकडे पोहोचला पडद्यावरून आणि ध्वनिमुद्रिकेवरून. आठवड्याच्या वर्गणीने चालणारा शेजारपाजाऱ्यांचा क्लब, गोव्यातील व मुंबईतील कॅथलिक वस्त्या सोडल्यास, त्याबरोबर आला नाही, याची मला खंत वाटते.

इंग्लंडमध्येही असे क्लब आता विरळ होत चालले आहेत, आणि त्याचे कारण केवळ वार्धक्य नव्हे. सभागृहे विकली जातात, जुन्या लाकडी जमिनीवर गालिचे अंथरले जातात किंवा टाइल बसवल्या जातात, आणि अशा कठीण फरशीवर गुडघे धजत नाहीत. म्हणूनच २०१० साली ब्लॅकपूलच्या नगर परिषदेने मनोरा आणि विंटर गार्डन्स या दोन्ही वास्तू खाजगी मालकाकडून विकत घेतल्या, ही घटना मला कोणत्याही अजिंक्यपदाहून मोठी वाटते. ज्या दोन जमिनी व्यापारी कंपन्यांनी कामगारांच्या तिकिटांतून उभारल्या होत्या, त्या आता नगराच्या मिळकतपत्रात नोंदलेल्या आहेत. मनोऱ्याच्या दालनात आजही दुपारी वुर्लिट्झर वाजतो, आणि तिकीट काढून आलेल्या कोणालाही, पाऊल येत असो वा नसो, त्या लाकडावर उतरण्याची मुभा आहे.