स्केपगोट म्हणजे नक्की कोणता बकरा?



इंग्रजी बातम्यांत 'स्केपगोट' हा शब्द सारखा भेटतो. संघ हरला की गोलकीपर, घोटाळा झाला की कारकून. मुलांनी विचारलं की आपण पटकन सांगतो, 'बळीचा बकरा'. चालतं. पण मूळ गोष्टीत हा बकरा बळी जातच नाही, त्याला जिवंत सोडतात!

ती गोष्ट बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणून चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाला बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं बोलून दाखवायची आणि मग त्याला रानात सोडून द्यायचं. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू हाच दिवस 'दरफाळणीचा सण' म्हणून पाळत आले, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. नाव अगदी मराठी!)

मूळ हिब्रूत इथे 'अझाझेल' हा अवघड शब्द आहे. कोणी ते ठिकाण मानतात, कोणी रानातलं भूत. विल्यम टिंडेलने १५३० च्या भाषांतरात 'निघून जाणारा बोकड' असा अर्थ घेतला आणि त्यावरून 'स्केपगोट' घडवला. 'स्केप' म्हणजे 'एस्केप'च. १६११ च्या किंग जेम्स बायबलने तो शब्द ठेवला. दुसऱ्यांचा दोष सोसणारा माणूस, हा अर्थ मात्र पुढे एकोणिसाव्या शतकात रुळला.

मग शिकवायचं कसं? आमच्या उरवड्यातल्या मुलांना बोकड समजावून सांगावा लागत नाही, पण 'बळी' म्हटलं की त्यांना आधी बळीराजा आठवतो. मला 'माथी खापर फोडणे' जास्त जवळचं वाटतं. डोक्यावर हात ठेवून पापं लादणं आणि डोक्यावर खापर फोडणं, चित्र जवळपास तेच. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' पण सांगते, पण तिथे न्याय करणारा चुकतो. इथे सगळे मिळून एकाला पुढे करतात.

वर्गात उदाहरण शोधावं लागत नाही. नळ चालू राहिला की पाच-सहा तोंडांतून एकच नाव येतं, ते मूल त्या दिवशी गैरहजर असलं तरी! घरी बऱ्याचदा थोरल्याचं हेच होतं, पालकांनी जरा बघावं. शब्द कळला की मुलं त्यालाच 'स्केपगोट' म्हणून चिडवायला लागतात. म्हणून वाक्यात उपयोग करताना मी वर्गातलं नाव घेऊ देत नाही. क्रिकेटच्या संघावर वाक्य करायला सांगते.