बिघाड कुठे, बोंब कुठे!

मोटार बंद पडली की आपल्याकडे सल्ल्याचा सुकाळ होतो. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून कुणी उभा राहिला की पाच मिनिटांत पाचजण जमतात. एक म्हणतो, “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.” दुसरा म्हणतो, “पंप गेला.” तिसरा काही न पाहताच म्हणतो, “साहेब, विकून टाका!” यांपैकी एकानेही हातात साधा टेस्ट लॅम्प धरलेला नसतो. निदानाआधीच औषध, असा सगळा मामला!

आमच्या रहाटणीत तर अशा सल्लागारांना तोटा नाही. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, पलीकडे भोसरी, आकुर्डी आणि थोडे दूर चाकण. घरटी एखादा तरी माणूस लेथवर नाहीतर जुळणीच्या पट्ट्यावर हात काळे करून आलेला. मी स्वतः एका कारखान्यात मोटारींच्या विजेच्या खात्यात तीस वर्षे काढली. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या अण्णांनी जेव्हा मला बोलावले, तेव्हा मी सल्ला न घेता मीटर घेऊन खाली उतरलो.

अण्णांची गाडी म्हणजे १९५८ सालची एमजीए. दोन बसकांची, बिनछपराची, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात अशा सुमारे १,०१,००० गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या. हिच्या दाराला बाहेरून मूठच नाही. आत हात घालून दोरी ओढायची! अण्णांच्या थोरल्या भावाने ती फार वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतली होती. भाऊ गेले आणि गाडी अण्णांकडे आली.

प्रकरण मोठे नाजूक होते. दोन वर्षे गाडी धड चालत नव्हती. दिवसा ठीक धावे. संध्याकाळी दिवे लावून निघाले की अर्ध्या-पाऊण तासात आचके देऊन बंद पडे. थोडा वेळ थांबून हँडल मारले की पुन्हा सुरू, आणि दोन मैलांवर पुन्हा बंद. कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाले होते, पेट्रोलचा पंप बदलून झाला होता. शेवटी कुणीतरी “इंजिनच गेले” असे सांगितले आणि अण्णांनी गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली. मग सोसायटीची नोटीस आली : बंद वाहन कोजागिरीच्या आत हलवावे. ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण पाठोपाठ एक दलालही आला. मेलेल्या इंजिनाची गाडी म्हणून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून वहिनी आत निघून गेल्या. अण्णा मला म्हणाले, “भावाची गाडी आहे हो. विकायला लागली तर विकीन. पण खरंच मेली आहे का, एवढं सांगा.”

आता वाचकहो, जुने पेट्रोल इंजिन मागते तरी काय? योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. दाब चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखा भरला. म्हणजे इंजिन जिवंत होते. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नीट येत होते. मग एक प्लग काढून तारेला लावला, इंजिनच्या अंगावर टेकवला आणि स्टार्टर मारला. ठिणगी निळी, कडकडीत हवी. ती आली पिवळसर आणि मरतुकडी. निम्मे काम झाले. बिघाड पेट्रोलचा नव्हता, विजेचा होता.

अण्णांची नात आकुर्डीला डिप्लोमा करते. ती बॅटरी पकडून होती. ती म्हणाली, “काका, पण स्टार्टर तर मस्त फिरतोय. म्हणजे बॅटरी चांगलीच असणार ना?” प्रश्न बिनतोड होता आणि खरी मेख त्यातच होती. पण ती पुढे.

जुन्या गाडीत आजच्यासारखा आल्टरनेटर नसतो, डायनामो असतो. इंजिन फिरले की तो वीज तयार करतो आणि शेजारची कंट्रोल बॉक्स नावाची डबी ती बॅटरीकडे सोडते. या डबीत कटआउट असतो. डायनामोचा दाब पुरेसा चढला की तो वाट जोडतो, उतरला की तोडतो. डायनामो भरत नसेल तर गाडी नुसत्या बॅटरीवर चालते. दिवसा ते खपून जाते. रात्री हेडलाइट लावले की बॅटरी रिकामी होते, ठिणगी मंदावते आणि गाडी थांबते. थोडी विश्रांती मिळाली की बॅटरी जराशी सावरते. अण्णांच्या गाडीचे रडगाणे नेमके हेच होते.

मग डायनामो तपासला. त्याच्या दोन्ही तारा सोडवल्या, दोन्ही टोके एका तुकड्याने जोडली आणि तिथे व्होल्टमीटर लावून इंजिन हलक्या चालीवर ठेवले. मीटर सरसर १९ व्होल्टपर्यंत चढला. डायनामो ठणठणीत! पण नात ओरडली, “काका, पुढे वजाची खूण आहे!”

सगळे कोडे त्या आडव्या रेघेत होते. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला जोडतात. एमजीएमध्ये, त्या काळच्या कितीतरी इंग्रजी गाड्यांप्रमाणे, धन टोक अर्थला असते. बसकांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. मागे केव्हातरी बॅटऱ्या बदलताना कुणी कारागिराने आजच्या सवयीने त्या उलट्या जोडल्या होत्या. धन खांब ऋण खांबापेक्षा जाड असतो, म्हणून क्लॅम्प बसेनात. तर एक पसरवला होता आणि दुसऱ्यात पत्र्याची पट्टी कोंबली होती. पट्टी पाहिली तेव्हाच मी हात जोडले.

आता परिणाम पाहा. डायनामो जुन्या दिशेनेच वीज करीत राहिला. कटआउटने वाट जोडली तेव्हा डायनामो आणि बॅटरी एकमेकांना पूरक न होता भिडले; कटआउटची टोके जळून कोळसा झाली. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा, जो भरणा बंद असल्याचे सांगतो, त्याच्यावर दुप्पट दाब येऊन तो उडाला. नवा बल्ब घातला, तोही उडाला. मग कुणी घातलाच नाही. पहारेकरीच गेला! इग्निशन कॉइलचा प्रवाह उलटा झाल्याने प्लगला ठिणगी टाकायला जास्त दाब लागू लागला. आणि स्टार्टर? त्या जातीच्या मोटरीला बॅटरी सुलटी काय, उलटी काय, ती एकाच दिशेने फिरते. म्हणून कुणालाच शंका आली नाही. नातीच्या प्रश्नाचे उत्तर ते हे.

दुरुस्ती मात्र साधी निघाली. बॅटऱ्या सुलट्या केल्या. कंट्रोल बॉक्ससाठी पुण्याला नाना पेठेत गेलो. इथे आपल्या जुन्या अम्बॅसॅडरचे उपकार मानले पाहिजेत. तिचे १४८९ सी.सी.चे इंजिन आणि या एमजीएचे इंजिन एकाच बी-सीरीज घराण्यातले. एक घरंदाज, दुसरे उनाड, एवढाच फरक! अम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तिच्या पिढीचे सुटे भाग आणि ते ओळखणारी माणसे अजून त्या गल्ल्यांत आहेत. मनाजोगती डबी मिळाली. पॉइंटचे अंतर १५ थाउ, प्लगचे २५ थाउ लावले. गंजलेली अर्थची पट्टी घासून लखलखीत केली. पेट्रोलची रबरी नळीही बदलली; हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, आणि फुगलेली नळी गरम इंजिनाजवळ ठेवणे म्हणजे घरात आग पाळणे.

संध्याकाळी दिवे लावून आम्ही औंधच्या पुलापर्यंत गेलो आणि थेट परत आलो. गाडी कुठे अडखळली नाही. अण्णा सबंध वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दलाल आला. अण्णांनी त्याला इंजिन ऐकवले. त्याने जागच्या जागी आकडा दुप्पट केला. अण्णा म्हणाले, “विकायची की नाही, ते पुढे बघू. पण मेलेली म्हणून विकायची नाही.” चालती गाडी म्हटल्यावर सोसायटीनेही नोटीस मागे घेतली. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्या कागदांच्या मागे आता नात लागली आहे.

तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी असेल तर तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची तार सोडवा. भाग बदलण्याआधी मोजा. आणि बॅटरीचे कुठले टोक कुठे, हे रंगाने तिथेच लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

नातीने तिसरी गोष्ट लगेच अमलात आणली. बॅटरीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिले : “धन जमिनीला”. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वहिनींनी ते वाचले आणि म्हणाल्या, “अगं, जमिनीत धन पुरलंय म्हणून गावभर कशाला सांगतेस?”