सहाव्या वर्षीची दाढ

सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचे मूल गाल धरून वर्गात बसले, तर गुरुजी बहुधा लवंग देतात. ठणका कमी होतो, कीड मात्र थांबत नाही.

'कीड' हा शब्दच मुळात फसवा. दातात अळी वगैरे काही नसते. दातांवरच्या चिकट थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला, की दाताच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. लाळ ही झीज भरून काढते, पण त्यासाठी तिला उसंत हवी. मूल दिवसभर गोळ्या चघळत असेल, तर ती मिळणार कधी?

यात सर्वांत आधी बळी जाते ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ती गेली तर पुन्हा येत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना 'आ' करायला सांगा आणि समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. सहावा दात तोच.

आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तेथे डॉक्टर असतात, दंतवैद्य सहसा नसतो. पण तोंडात डोकावायला दंतवैद्य कशाला हवा? टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी पुरते. तापासाठी आलेल्या मुलाची जीभ पाहताना दाढही दिसतेच. फक्त ती पाहायची सवय हवी.

दुखऱ्या दाढेचा प्रश्न दाढेपाशी संपत नाही. ठणका थांबावा म्हणून अनेक बायका मिशरी लावू लागतात, आणि भाजलेल्या तंबाखूची ती पूड मग सुटत नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिशरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. गरोदरपणी वजन, रक्तदाब पाहणाऱ्या परिचारिकेने "बाई, मिशरी लावता का?" एवढे विचारले, तर तो उपचाराचाच भाग ठरेल.

उपायही आता सोपे झाले आहेत. चांदी व फ्लोराइड असलेले एक द्रावण किडलेल्या जागी लावले, की कीड बऱ्याचदा थांबते; यंत्राने कोरावे लागत नाही. डाग काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा सगळी मुले भराभर तपासायची असतात. त्याआधीच एका सकाळी वर्गाची सहावी दाढ पाहून ठेवा. जिच्यात काळा खड्डा दिसेल, त्या मुलाचे नाव हजेरीच्या मागच्या पानावर टिपा आणि ते पान डॉक्टरांच्या हातात द्या.