कणकुंबीचे पाणी आणि शाळेतील धडा

शालेय शिक्षणात पर्यावरण विषय सक्तीचा करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुस्तकातील धडा सर्वत्र सारखाच. सीमाभागात मात्र तो दाराशी वाहतो. निपाणीजवळ वेदगंगा व तंबाखूचे शिवार आहे. खानापूर तालुक्यात तर देगावला म्हादई आणि कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. एक मांडवी होऊन अरबी समुद्रास मिळते, दुसरी कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जाते. हा जलविभाजक मुलांना पायी दाखवता येतो.

लवादाने २०१८ मध्ये म्हादईचे ३.९ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवण्यास मुभा दिली. खानापूरच्या वर्गात गोव्याच्या खाजनशेतीत खारे पाणी चढेल का, हे विचारले जावे. पणजीच्या वर्गात मलप्रभेकाठच्या तहानेविषयी.