बार कशाचा घ्यावा?

शीर्षक वाचून ज्यांनी मोठ्या आशेने हे पान उघडलं, त्यांची निराशा होणार आहे. हा बार म्हणजे हवाईयन गिटारच्या तारांवरून सरकवायची दांडी. टोन बार हे तिचं पूर्ण नाव.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या गिटारवर आपण बोटाने तार दाबतो आणि स्वर पडद्यामुळे ठरतो. हवाईयन, म्हणजेच स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा उंच उचललेल्या असतात, त्या पडद्यांना टेकतच नाहीत. डाव्या हातातला बार तारांवर जिथे ठेवाल तिथे स्वर. सा वरून प पर्यंत सलग घसरत जाता येतं, त्यामुळे मींड हे या वाद्याचं खरं बळ. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवला. 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर-बासरीच्या जोडीला ऐकू येते ती त्यांचीच गिटार. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही याच जातकुळीतली. राय कूडर यांच्याबरोबरच्या अल्बमसाठी त्यांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं.

आमच्यावर हा अभ्यास करायची वेळ आणली ती फिरोदियाने. फिरोदिया करंडक म्हटला की लाइव्ह म्युझिक हवंच, आणि आमच्या स्क्रिप्टमध्ये स्टील गिटारवरचा एक लांब आलाप होता. आमची गिटारवाली बोटात घालायच्या काचेच्या पोकळ नळीवर वाजवायची. तालीम संपेपर्यंत तिचं मनगट ठणकायला लागायचं. चार दिवस विश्रांती, मग पुन्हा तेच. ती नसती तर आलाप कापावा लागला असता. दुकानातला इम्पोर्टेड बार आमच्या महिन्याच्या मेसच्या बिलाशी स्पर्धा करत होता. शेवटी ती म्हणाली, "मेकॅनिकलवाले ना रे तुम्ही? मग बनवा की!"

(ही सूचना इतिहासाला धरून आहे. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने 1889 च्या सुमारास रेल्वे रुळाजवळ सापडलेला बोल्ट गिटारवर फिरवून पाहिला, मग चाकूची पाठ, कंगवा असं काय काय वापरलं आणि अखेर शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोलादाची गुळगुळीत दांडी तयार केली, असं सांगतात. म्हणजे हे वाद्य मुळात एका वर्कशॉप सबमिशनमधूनच निघालं म्हणायचं.)

आता मुद्द्याकडे. 'पितळेचा आवाज उबदार, स्टीलचा थंड, काचेचा मऊ' ही वाक्यं सगळेच ऐकवतात. मटेरियलच्या नावावर निर्णय घेण्याआधी मला वाटतं तीन गोष्टी बघाव्यात: वजन, कडकपणा आणि फिनिश.

वजन सगळ्यात महत्त्वाचं, आणि मनगटाचं दुखणंही तिथेच होतं. 22 मिमी व्यासाचा, 82 मिमी लांबीचा भरीव बार धरा. घनफळ येतं साधारण 31 घनसेंमी. स्टीलची घनता 7.85, म्हणजे वजन 245 ग्रॅमच्या आसपास. पितळ 265, ॲल्युमिनियम 84, काच 78, टेफ्लॉन 69. टंगस्टन कार्बाइड जवळजवळ अर्धा किलो! आता तार नीट वाजायची तर बार तिच्यावर घट्ट टेकलेला हवा, नाहीतर तार त्याच्याखाली खुळखुळते. स्टीलचा बार स्वतःच्याच वजनाने सहा तारांवर मिळून सुमारे 2.4 न्यूटनचा दाब देतो. हाताचं काम उरतं फक्त दिशा देण्याचं. काचेची पोकळ नळी एवढा दाब देऊच शकत नाही, मग उरलेला दाब मनगट देतं. शिवाय हाताने दाबलं की तार खाली वाकते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. कान तो चढलेला स्वर ऐकतो, हात मागे सरकतो, आणि वाजवणारा आणखी आखडतो. जे काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं ते तिने इतके दिवस मनगटाने केलं होतं.

मग जितका जड तितका चांगला? तसंही नाही. आंदोलन द्यायचं तर तो बार सेकंदाला पाच-सहा वेळा पुढे-मागे न्यायचा असतो. एफ इज इक्वल टू एम ए, हे फर्स्ट इयरला पाठ केलं होतंच. अर्धा किलो असा हलवून बघा. सहा तारांच्या गिटारला 200 ते 250 ग्रॅम हा पट्टा आम्हाला योग्य वाटला.

दुसरी गोष्ट कडकपणा. गिटारची साधी तार म्हणजे पियानो वायर, तिची ताणशक्ती 2000 मेगापास्कलच्या वर. माइल्ड स्टीलची 400 च्या आसपास, पितळही त्याच रांगेतलं. एवढी कडक तार रोज मऊ धातूवर घासली तर तार जिंकणार, बारवर चरे पडणार आणि पुढच्या मींडेत ते चरे ऐकू येणार. म्हणून तयार बार एकतर स्टेनलेसचे असतात किंवा हार्ड क्रोम केलेले. कडक पृष्ठभागावर तार अगदी बारीक रेषेत टेकते, वरचे हार्मोनिक टिकतात आणि स्वर लांबतो. मऊ वस्तू हे वरचे हार्मोनिक गिळते. 'उबदार' आवाज म्हणतात तो बऱ्याचदा हाच. पितळ आणि स्टीलचं म्हणाल तर सारख्या वजनाचे, सारखे पॉलिश केलेले दोन बार आम्ही पाठ करून बसलेल्या तिघांना ऐकवले. एकालाही सलग बरोबर ओळखता आलं नाही.

पण मऊ आणि हलकं म्हणजे वाईटच, असंही नाही. तिकडे दक्षिणेत चित्रवीणा आहे, तिचंच दुसरं नाव गोट्टुवाद्यम. ते लोकप्रिय करणाऱ्यांत तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे मोठं नाव. (नाव वाचून तंजावरचे मराठे आठवले ना?) शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर काही काळ त्यांच्याकडे शिकले. त्या वाद्यावर कठीण लाकडाचा तुकडा फिरवत आणि आता टेफ्लॉनही वापरतात. टेफ्लॉनचं घर्षण इतकं कमी की जलद गमक खरखर न होता निघते. उत्तरेत विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरवतात आणि तारांना थोडं खोबरेल तेल लावतात, म्हणजे मंडळींनी ल्युब्रिकेशनचा चॅप्टर आधीच सोडवला होता. गमक जास्त आणि स्वर फार लांबवायचा नाही, तर टेफ्लॉनचा विचार जरूर करावा. आम्हाला मोठ्या सभागृहात लांब स्वर हवा होता.

तिसरी गोष्ट फिनिश, आणि इथे बहुतेक घरगुती बार मार खातात. लेथवर कितीही जपून टर्निंग करा, टूलच्या फीडच्या बारीक रेषा राहतातच. गुंडाळलेल्या तारेचे वेढे त्या रेषांवरून गेले की खर्र आवाज येतो आणि ॲम्प्लिफायर तो इमानदारीने मोठा करतो. ड्रॉइंगवर तीन त्रिकोण काढणं सोपं, ते मिळवायला ग्राइंडिंग लागतं.

वजनदार, कडक आणि ग्राइंड केलेली दांडी, तीही स्वस्तात. एवढं बोलून होईपर्यंत टूल डिझाइन शिकलेल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर एकच वस्तू येईल: डॉवेल पिन! डायचे दोन भाग जुळवायला वापरतात ती. 60 रॉकवेलच्या आसपास हार्डन केलेली, वरून ग्राइंड केलेली. 20 मिमी व्यास आणि 80 मिमी लांबीची घेतली तर वजन 197 ग्रॅम, आपल्या पट्ट्याच्या काठावर. बोहरी आळीत विचारा, किंवा भोसरीकडे टूलरूमचं सामान विकणाऱ्यांकडे. दुकानदार "कशाला हवी?" असं विचारतील. गिटारसाठी, असं खरं सांगितलं तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात, हा अनुभव.

एक काम मात्र करावं लागतं. एकाच तारेवर वाजवताना बार तिरका करून फक्त टोक टेकवतात, म्हणून एक टोक गोल हवं. हार्डन केलेल्या पिनला लेथचं साधं टूल लागत नाही, ते बेंच ग्राइंडरवरच करा. सारखं पाण्यात बुडवत राहा. निळा रंग चढला की टेम्परिंग होऊन कडकपणा गेलाच. नंतर एमरी पेपर 400 पासून 2000 पर्यंत आणि शेवटी बफिंग. आम्हाला एक दुपार लागली, आणि आठवड्याभरात गिटारवालीचं मनगट तक्रार करेनासं झालं. आलाप पूर्ण वाजला.

डॉवेल पिनचा दोष एकच, ती स्टेनलेस नाही. हाताचा घाम आणि पुण्याचा जुलै मिळून चार दिवसांत गंजाचे ठिपके उमटतात. वाजवून झाल्यावर पुसायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, पण पुन्हा वाजवण्याआधी कोरडी करायची, नाहीतर हातातून सटकते. फरशीवर पडली तर टोकाला टवका उडू शकतो, म्हणून टेबलावर मोकळी ठेवू नका, गोल असल्यामुळे ती घरंगळणारच. आमची एका जुन्या सॉक्समध्ये राहते. धुतलेल्या.