कोच, रीळ आणि कलकत्त्याचा विष्णू

मनोविश्लेषण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो कोच. गंमत म्हणजे तो मनोविश्लेषणाचे जनक, व्हिएन्नाचे फ्रॉइडसाहेब यांनी विकत घेतलेलाच नव्हता! १८९०च्या सुमारास एका पेशंट बाईंनी तो भेट दिला. वर गालिचा अंथरला आणि पेशंटला त्यावर आडवं केलं की साहेब त्याच्या डोक्यामागे, नजरेआड बसत. का? दिवसाचे आठ-आठ तास कुणी आपल्याकडे टक लावून बघतंय हे आपल्याला सोसत नाही, अशी कबुली त्यांनीच लिहून ठेवलीय. पेशंटनं मात्र काहीही राखून ठेवायचं नाही. मनात येईल ते, कितीही फालतू वाटो वा लाजिरवाणं, बोलून टाकायचं. हेच ते 'मुक्त साहचर्य'.

बोलून बरं होण्याच्या या पद्धतीचं बारसं एका पेशंटनंच केलं. 'ॲना ओ.' या टोपणनावानं गाजलेली ही तरुणी त्याला चेष्टेनं 'धुराडं साफ करणं' असंही म्हणायची. फ्रॉइडनी तिच्यावर कधी उपचार केलेच नाहीत. ती त्यांचे स्नेही ब्रॉयर यांची पेशंट. पुढे हीच बर्था पापेनहाइम समाजसेविका म्हणून इतकी नावाजली, की १९५४ साली पश्चिम जर्मनीनं तिच्यावर टपाल तिकीट काढलं.

कुणाची जीभ घसरली की फ्रॉइडचे कान टवकारत. त्यांचं एक लाडकं उदाहरण ऑस्ट्रियाच्या संसदेतलं. अध्यक्ष उठले आणि सभा सुरू झाल्याचं सांगण्याऐवजी 'सभा संपली' असं जाहीर करून बसले. बैठकीतून काही बरं निघणार नाही ही धास्ती त्यांच्या मनात होती, ती तोंडातून निसटली. आपल्याकडच्या कुठल्याही सर्वसाधारण सभेत हे चाललं असतं म्हणा.

फ्रॉइडच्या लेखी मनाचे तीन भाग: इदम् म्हणजे वासनांचा धुडगूस, पराहम् म्हणजे मनातला कडक मास्तर, आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला बिचारा अहम्. १९२३च्या पुस्तकात फ्रॉइड इदम्-ला घोडा म्हणतात आणि अहम्-ला स्वार. पुढची मेख भारी आहे: खाली पडायचं नसेल तर स्वाराला बरेचदा घोडा नेईल तिकडे जावं लागतं, आणि वर 'मलाच तिकडे जायचं होतं' असा आव आणावा लागतो!

पण माझ्या मते फ्रॉइडची सगळ्यात सुंदर नोंद आहे एका रिळाची. दीड वर्षाचं गुणी पोर, आई बाहेर गेली तरी न रडणारं. त्याचा एक खेळ होता. दोरी बांधलेलं लाकडी रीळ पडदे लावलेल्या पाळण्यात भिरकावायचं आणि लांबलचक 'ओऽऽ' करायचं, म्हणजे जर्मनमधलं 'गेलं'. मग दोरी ओढून रीळ बाहेर काढायचं आणि आनंदानं 'दा!', म्हणजे 'हे बघ इथं!' आईचं जाणं काही त्याच्या हातात नव्हतं. रिळाचं जाणं-येणं होतं. हे पोर म्हणजे फ्रॉइडचा स्वतःचा नातू, अर्न्स्ट. ही नोंद ज्यात आली त्या १९२०च्या पुस्तकात नात्याचा उल्लेख नाही. मुलगा पावणेसहा वर्षांचा असताना आई वारली, ही माहिती आहे तीही तळटीपेत. ती आई म्हणजे फ्रॉइडची मुलगी सोफी.

आणि फ्रॉइडच्या गाजलेल्या इडिपस गंडाचं, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाशी चुरस या मांडणीचं, काय? तो युरोपात सुखेनैव नांदला, पण कलकत्त्यात अडखळला. तिथं १९२२मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांना फ्रॉइडची मांडणी जशीच्या तशी पटेना. आपले मतभेद त्यांनी सरळ व्हिएन्नाला पत्रानं कळवले. तरी स्नेह असा, की फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णू रवाना झाला. साहेबांनी तो आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवला. काही काळानं मूर्तीला तडे जाऊ लागले, तेव्हा कलकत्त्याची सवय असलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, अशी शंका त्यांनी टिपून ठेवली.